सोलापूरहून काळा-नारिंगी माशीमार पाहायला जाताना

सोलापूरच्या पक्षिनिरीक्षकाची नजर माळरानावर घडलेली असते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पहाटे उभे राहिले की डोळे आपोआप क्षितिजाकडे जातात. गवताच्या रेषेवर काही हलले का, दूरवर एखादा भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत चालला आहे का, हे आपण लांबूनच टिपतो आणि बहुतेक वेळा बरोबर टिपतो. हीच नजर घेऊन मी पहिल्यांदा निलगिरीतल्या शोला जंगलात गेलो, तेव्हा सकाळचे अडीच तास झाडांचे शेंडे पाहण्यात घालवले आणि मान दुखवून घेतली. ज्या पक्ष्यासाठी गेलो होतो, तो माझ्या डाव्या बाजूला, गुडघ्यापेक्षा खाली, नेच्याच्या एका वाकलेल्या देठावर बसला होता. किती वेळ बसला होता ते त्यालाच ठाऊक. सोलापूर परिसरातून असा प्रवास करू इच्छिणाऱ्यांचे ते अडीच तास वाचावेत, यासाठी हा लेख लिहिला आहे.

पक्षी आणि त्याचे घर

काळा-नारिंगी माशीमार हा चिमणीपेक्षा लहान, जेमतेम १२-१३ सेंटिमीटर लांबीचा कीटकभक्षी पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव फिसेड्युला नायग्रोरूफा असे असून १८३९ साली थॉमस जेर्डन या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. नराचे डोके आणि पंख काळेभोर, तर बाकीचे अंग पिकलेल्या संत्र्यासारखे नारिंगी असते. मादीच्या डोक्यावर काळ्याऐवजी मळकट तपकिरी रंग असतो आणि डोळ्याभोवती फिकट कडे दिसते. जगात हा पक्षी फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, म्हणजे निलगिरी, अन्नामलाई, पळणी आणि त्यांच्या आसपासच्या उंच डोंगरांत राहतो. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत तो नाही. त्यामुळे महाबळेश्वरला गर्द झाडी दिसली तरी तिथे त्याची वाट पाहू नये.

शोला हे त्या डोंगरांतल्या ढगाळ जंगलाचे स्थानिक नाव आहे. उघड्या गवताळ उतारांच्या मधल्या घळींमध्ये, जिथे पाणी झिरपत राहते आणि वाऱ्यापासून आडोसा मिळतो, तिथे हे बुटक्या, सदाहरित झाडांचे दाट तुकडे टिकून राहिलेले असतात. झाडांच्या खोडांवर शेवाळ, दगडफूल आणि नेचे इतके चढलेले असतात की मूळ साल शोधावी लागते; वर्षातला बराच काळ ढग झाडांच्या आतून जातात आणि पाऊस नसतानाही पानांवरून पाणी टपकत राहते. झाडांखाली झुडपांची दाट वाढ असते व तीत आपल्या कारवीच्या कुळातली झुडपेही असतात. ह्याच दमट अंधारात, जमिनीपासून एक-दोन मीटरच्या पट्ट्यात, हा माशीमार आपले सारे आयुष्य काढतो. तो स्थलांतर करत नाही, वर्षभर आपला ठरावीक इलाखा सांभाळतो. म्हणजे तो नेमका कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि पाहुण्याच्या दृष्टीने यापेक्षा मोठी सोय नाही.

तालीम सोलापुरातच करावी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथे गेल्यावर पस्तावतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात, किंवा दाट झाडी असलेल्या कुठल्याही जुन्या आवारात, सकाळी सातच्या सुमारास जाऊन बसावे. हिवाळ्यात आपल्याकडे लाल छातीचा माशीमार येतो. तो याच फिसेड्युला वंशातला (genus), शोलातल्या पक्ष्याचा सख्खा भाऊबंद आहे. मात्र हा पूर्व युरोप आणि पश्चिम आशियाच्या बाजूला वीण करून हजारो किलोमीटर उडत येतो आणि तो दुसरा आपल्या घळीतून बाहेर पडत नाही. प्रौढ नराच्या गळ्यावर केशरी छटा असते. माद्या आणि कोवळे नर मळकट तपकिरी दिसतात. बसल्या बसल्या हा पक्षी शेपटी झटक्याने वर उचलतो आणि तेव्हा शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे चमकतात. त्याचा आवाज जुन्या घड्याळाला चावी देताना होतो तसा, बारीक कर्रर् असा असतो.

या पक्ष्यावर तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली म्हणजे, आवाज ऐकताच मान न वळवता फक्त दिशा मनात धरणे. दुसरी, पक्षी दिसल्यावर नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणणे. नवखा माणूस आधी दुर्बिणीकडे पाहतो, मग पक्षी शोधतो आणि तोवर फांदी रिकामी झालेली असते. कडुनिंबाचे एक ठरावीक पान धरून हा सराव दिवसातून वीस वेळा केला तर आठवड्याभरात हात बसतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माशीमाराची बसण्याची जागा ठरलेली असते. तो उडून किडा टिपतो आणि पुष्कळदा त्याच फांदीवर किंवा शेजारच्या फांदीवर परत येतो. म्हणून पक्षी उडाला की त्याच्यामागे न धावता रिकाम्या फांदीवर दुर्बीण धरून थांबावे.

वनविहारात टिकेलचा निळा माशीमार किंवा शेपटीचा पंखा उघडत नाचणारा नाचण दिसला तर त्यांच्यावरही हाच सराव करावा. चार-पाच रविवार पुरेसे आहेत.

दुर्बीण कोणती घ्यावी

माळरानावर आपण दहा पटीची दुर्बीण पसंत करतो, कारण तिथे अंतर जास्त आणि उजेड भरपूर असतो. शोलात नेमकी उलट परिस्थिती आहे. दुर्बिणीवर ८×४२ असे दोन आकडे असतात; पहिला किती पट मोठे दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. ८×४२ च्या दुर्बिणीत ती सव्वापाच, १०×४२ मध्ये ४.२ आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम तीन मिलिमीटर भरते. अंधाऱ्या जंगलात डोळ्याची बाहुली मोठी होते, त्यामुळे हा फरक तिथे लगेच जाणवतो. लहान दुर्बिणीत काळे डोके आणि काळी सावली एकच होऊन जाते. माझ्या मते ८×४२ ला पर्याय नाही. विकत घेताना आणखी एक परीक्षा दुकानातच करावी: दोन मीटरवरच्या वस्तूवर ती स्पष्ट जुळते का, ते स्वतःच्या बुटाकडे पाहून तपासावे. पुष्कळ दुर्बिणी चार मीटरच्या आत नजर जुळवत नाहीत, आणि हा पक्षी त्याच्या आतच येऊन बसतो.

सोलापुरात दुर्बिणीचा शत्रू धूळ असते, तिथे बाष्प. निघण्यापूर्वी भिंगावरची धूळ हवेच्या पंपाने आणि मऊ ब्रशने झाडून घ्यावी. टॉवेलच्या टोकाने पुसू नये, मग तो टॉवेल सोलापूरचा का असेना, कारण आपल्या धुळीतले कण काचेवर ओरखडे पाडतात. डोंगरावर दुर्बीण वातानुकूलित गाडीतून थेट बाहेरच्या दमट हवेत आणली की ती आंधळी होते. म्हणून जंगलाच्या दहा मिनिटे आधी गाडीच्या काचा उघडाव्यात आणि दुर्बीण पिशवीबाहेर काढून ठेवावी. पाहताना नाकातून सोडलेला श्वासही भिंगावर चढतो; मफलर तोंडावर घेतला असेल तर हे हमखास घडते.

कधी जावे

आपल्याकडे सहलींचा काळ म्हणजे दिवाळी आणि मे महिना, आणि हे दोन्ही काळ या पक्ष्यासाठी गैरसोयीचे आहेत. दिवाळीच्या सुमारास तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. दिवसभर धुके, निसरड्या वाटा आणि घाटात दरडी, असा तो मामला असतो. मे महिन्यात वीण चालू असल्याने पक्षी बोलके असतात खरे, परंतु उटीत माणसांची इतकी गर्दी उसळते की सकाळचे दोन तास वाहनांच्या रांगेत जातात. जून ते सप्टेंबरचा पाऊस तर जळवांचाच असतो.

उरतो तो जानेवारी ते मार्च. त्यातही फेब्रुवारीची अखेर आणि मार्चचा पहिला पंधरवडा मला सर्वांत योग्य वाटतो. कडाक्याची थंडी ओसरलेली असते, आकाश बऱ्यापैकी मोकळे असते, आणि मार्चपासून वीण सुरू होत असल्याने नर गाऊ लागलेले असतात. एकच अडचण असते. ते दिवस वणव्यांचे असल्यामुळे वनखाते आतल्या पायवाटा बंद ठेवू शकते. मार्च २०१८ मध्ये थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या वणव्यात डोंगरभटकंतीला गेलेल्या अनेकांचे प्राण गेले, तेव्हापासून ही काळजी अधिकच घेतली जाते. म्हणून जाण्यापूर्वी आठवडाभर आधी परवानगीची चौकशी करावी आणि बंद म्हटले तर बंद, असे समजावे.

कपड्यांचा हिशेब सोपा आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटरवर आहे, उटी सुमारे २,२४० मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते, म्हणजे नुसत्या उंचीमुळेच दोन्हींत साडेअकरा अंशांचा फरक पडतो, आणि पहाटे तो त्याहून अधिक जाणवतो. मातकट किंवा गर्द हिरवे, सळसळ न करणारे कपडे घ्यावेत. नायलॉनचे जाकीट हात हलवला की खुसखुसते. त्यापेक्षा लोकरीचा स्वेटर बरा.

कुठे आणि कसे पोहोचावे

निलगिरी की कोडाईकनाल, हे आधी ठरवावे लागते. काळा-नारिंगी माशीमार दोन्हीकडे आहे, पण त्याचे शेजारी वेगळे आहेत. निलगिरी आणि अन्नामलाई-पळणीच्या डोंगरांमध्ये पालघाटची सुमारे तीस किलोमीटर रुंदीची खिंड आहे, आणि उंचावरच्या थंडीला सरावलेले लहान पक्षी ती गरम खिंड ओलांडत नाहीत. त्यामुळे लाखो वर्षांत दोन्ही बाजूंची कुळे वेगळी झाली. उत्तरेला निलगिरी शोलाकिळी आणि निलगिरी हास्यकस्तूर, दक्षिणेला पांढऱ्या पोटाची शोलाकिळी आणि पळणी हास्यकस्तूर, अशी वाटणी आहे. मल्याळममध्ये किळी म्हणजे पक्षी; या दोन शोलाकिळींसाठी २०१७ साली शोलिकोला नावाचा स्वतंत्र वंश (genus) मांडण्यात आला. कोडाईकनालच्या एका प्रसिद्ध शोला-तुकड्याचे नाव ‘बॉम्बे शोला’ आहे, हे वाचून मराठी माणसाला गंमत वाटेल, पण पहिल्या खेपेला मी निलगिरीच सुचवीन, कारण प्रवास सरळ आहे.

मुंबईहून कोइमतूरला जाणारी एक्सप्रेस सोलापूरवरून जाते आणि साधारण एका दिवस-रात्रीत पोहोचवते. गाडीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोबत असावी, ती तिसऱ्या दिवशीही चांगली लागते. मात्र कडक भाकरी जंगलात नेऊ नये. मी एकदा ती शोलात बसून मोडली आणि त्या एका आवाजाने समोरची झुडपे दहा मिनिटे गप्प झाली. कोइमतूरपासून मेट्टुपाळयम सुमारे पस्तीस किलोमीटर आहे आणि तिथून वर उटीला बस जातात. १९०८ पासून उटीपर्यंत धावणारी, ४६ किलोमीटरची डोंगरी रेल्वेही तिथूनच सुटते. २००५ साली ती जागतिक वारसा यादीत गेली. कल्लार ते कुन्नूरच्या चढावर तिचे इंजिन दातेरी रुळाला धरून चढते, ते पाहण्यासारखे आहे, पण आरक्षण फार आधी भरते. तेव्हा जाताना बस आणि जमल्यास येताना रेल्वे, असा बेत ठेवावा.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी नेणार असाल तर ई-पास काढावा लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून निलगिरी जिल्हा आणि कोडाईकनाल येथे बाहेरच्या वाहनांना तो आवश्यक झाला आहे. एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांनाही जिल्ह्यात बंदी आहे, म्हणून घरूनच स्टीलची बाटली न्यावी.

उटीजवळची केर्न हिल आणि दोड्डबेट्टाच्या रस्त्याकडेची झाडी या दोन जागा सुरुवातीला पुरेशा आहेत. दोड्डबेट्टाचे शिखर २,६३७ मीटर उंच आहे. पर्यटक शिखराकडे धावतात, आपण वाटेतल्या ओल्या घळींपाशी थांबावे. कोटागिरीजवळचा लाँगवूड शोला अतिशय चांगल्या अवस्थेत आहे, मात्र तिथे वनखात्याची परवानगी घेऊनच जावे. प्रवेशद्वार उघडण्याची वेळ आदल्या संध्याकाळी विचारून ठेवावी. निलगिरीची झाडे, सुरू किंवा वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) यांची लागवड हिरवीगार दिसली तरी तिच्यात वेळ घालवू नये. खाली झुडपे नसतील तर हा पक्षीही नसतो.

जंगलातला पहिला तास

आत शिरल्यावर पन्नास-साठ पावलांनंतर थांबावे. शक्यतो ओढ्याच्या किंवा पाणी झिरपणाऱ्या जागेच्या काठी, जिथे नेचे आणि झुडपे कमरेइतकी आहेत, अशी जागा निवडून खाली बसावे. उभे राहू नये, कारण उभ्या माणसाची नजर पक्ष्याच्या पट्ट्यावरून निघून जाते. बसल्यावर पहिली दहा मिनिटे काहीच करू नये. जंगलाने आपल्याला विसरायला तेवढा वेळ लागतो.

मग समोरच्या सहा-सात मीटरच्या पट्ट्यात, जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत, आडव्या देठांवरून नजर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावी. पक्षी शोधू नये, हालचाल शोधावी. या माशीमाराची रीत आपल्या माशीमारांपेक्षा थोडी वेगळी आहे. हवेत झेप घेऊन किडा पकडण्यापेक्षा तो देठावरून थेट जमिनीवर उतरतो, पालापाचोळ्यातून काहीतरी उचलतो आणि पुन्हा तितक्याच उंचीवर येऊन बसतो. आवाजाने तो आधी कळतो: अतिशय बारीक, धातूसारखा, किड्याच्या किरकिरीतून वेगळा काढावा लागेल असा. पन्नाशीच्या पुढच्या कानांना हा आवाज निसटू शकतो. अशा वेळी तरुण सोबती असलेला बरा.

तो दिसला की दुर्बीण लगेच उचलू नये. त्याला दोनदा जमिनीवर उतरून परत येऊ द्यावे. माझ्यासमोरच्या त्या नराने एका देठावरून चार फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला त्याच्या चोचीत एक लांब पायांचा किडा होता. तो त्याने देठावर दोनदा आपटला, गिळला, आणि मग चोच देठाच्या दोन्ही बाजूंना सुरी पारजावी तशी पुसली. काळ्या डोक्यातला काळा डोळा तेव्हा कुठे, उजेडाचा एक ठिपका त्यावर पडल्यामुळे, मला वेगळा दिसला.

ओळखीत घोटाळा होण्याची शक्यता थोडी आहे. निलगिरी माशीमार निळा असतो आणि वरच्या फांद्यांवर, जंगलाच्या कडेला बसतो. त्याच्यासारखाच दिसणारा नीलांग नावाचा माशीमार हिवाळी पाहुणा आहे. त्याचा निळा रंग हिरवट झाक असलेला असतो, डोळा व चोच यांमधला भाग काळा असतो आणि शेपटीच्या मुळाशी निलगिरी माशीमारासारखा पांढरा रंग नसतो. काळ्या-नारिंगी माशीमाराची एकटी मादी मात्र नवख्याला चकवते. तपकिरी डोके पाहून दुसराच कुठला पक्षी वाटतो. अशा वेळी पोटाचा नारिंगी रंग आणि बसण्याची उंची पाहावी.

काय करू नये

दुसऱ्या खेपेला आम्ही एक वाटाड्या घेतला होता. त्याने पाच मिनिटांतच मोबाइलवर या पक्ष्याचा आवाज लावला. नर लगेच समोर आला, पिसे फुलवून, पंख झटकत, या झुडपातून त्या झुडपात. आम्हाला फोटो मिळाले. पुढचा पाऊण तास तो नसलेल्या शत्रूला शोधत राहिला आणि त्या वेळात त्याने एकही किडा पकडलेला मी पाहिला नाही. आपला इलाखा राखणाऱ्या पक्ष्याला आवाज ऐकवणे म्हणजे घरात कोणीतरी शिरले आहे असे सांगणे होय. वाटाड्या ठरवतानाच ही अट स्पष्ट घालावी.

मार्च ते मे या काळात घरट्याची शक्यता गृहीत धरावी. गवती पात्यांचा आणि नेच्यांचा तो सैलसर गोळा असतो, झुडपात जमिनीपासून थोड्याच उंचीवर, आणि त्यात बहुधा दोन अंडी असतात. तो वाळक्या पाल्याच्या गुंत्यासारखा दिसतो, म्हणून वाट सोडून पाऊल टाकू नये. एकाच जागी पक्षी पुन्हा पुन्हा चोचीत किडा घेऊन जाताना दिसला आणि आपण असताना आत जायला कचरू लागला, तर दहा पावले मागे सरावे. फ्लॅश वापरू नये. फोटो अंधारा आला तर येऊ द्यावा.

स्वतःचीही काळजी घ्यावी. निलगिरीत गवा गावाच्या कडेपर्यंत येतो आणि धुक्यात तो मोठ्या खडकासारखा दिसतो. पहाटे एकट्याने आत जाऊ नये, आणि ताजे शेण दिसले तर तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे सरकू नये. ओल असेल तेव्हा पँटचे पाय मोज्यांत खोचावेत. जळू चिकटलीच तर ओढून न काढता नखाने कडेने हळूच सोडवावी.

नोंद आणि परतल्यावर

नोंदीत तारीख, वेळ आणि नर की मादी एवढेच लिहून थांबू नये. जमिनीपासूनची उंची, बसलेल्या झुडपाचा प्रकार, एका जागेवरून किती फेऱ्या केल्या आणि धुके होते की ऊन, हेही लिहावे. जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोबाइलवर पाहून टिपावी. हवा तापत गेली तर खालचे पक्षी वर सरकू शकतात, पण डोंगरमाथ्यालगत राहणाऱ्याला वर जागाच उरत नाही, म्हणून उंचीची नोंद अभ्यासकांच्या फार उपयोगी पडते. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना घरट्याची नेमकी जागा मात्र उघड करू नये.

परतीच्या प्रवासात दुर्बीण ओल्या पिशवीत बंद ठेवू नये, नाहीतर भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशी धरते. सोलापूरला पोहोचल्यावर तिची झाकणे काढून, उन्हात न ठेवता, पंख्याखाली दोन दिवस तशीच राहू द्यावी. आपल्या कोरड्या हवेचा एवढा उपयोग जरूर करून घ्यावा.